अकरावी सायन्सला गणित झेपत नाहीये, सोडून भूगोल घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा: दहावीला गणितात ९१ मार्क. अकरावीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो) घेतलं आणि पहिल्या घटक चाचणीत गणितात २५ पैकी ६ आले. नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) बॅच लावली आहे, तिथे गणित शिकवत नाहीत. मैत्रिणींनी गणित काढून भूगोल घेतला. बाबा म्हणतात, 'राहू दे, इंजिनिअरिंगचा रस्ता कशाला बंद करायचा?' काय करू?

उत्तर:

त्या ६ मार्कांवरून काहीही ठरवू नकोस. मी ज्युनियर कॉलेजला बरीच वर्षं गणित शिकवलं, आता घरी शिकवण्या घेते. दहावीला नव्वदच्या वर असलेली मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत आपटतात, हे दर वर्षीचं आहे. दहावीच्या शंभरातले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. ते देताना कुणी हात आखडत नाही. उरलेल्या ८० मध्ये सरावसंचातलीच गणितं आकडे बदलून येतात, त्यामुळे घोकूनही भागतं. अकरावीला सुरुवातीलाच रेडियन (कोन मोजायचं नवं एकक) येतात, त्यामागून त्रिकोणमिती येते, आणि दहावीला काटकोन त्रिकोणात मुकाट बसणारा थीटा चारही क्वाड्रंटमध्ये (आलेखाच्या चार भागांत) फिरायला लागतो. पाठांतर तिथे उघडं पडतं.

तेव्हा आधी तो तपासलेला पेपर घेऊन बस आणि १९ मार्क नेमके कुठे गेले ते बघ. ते कशामुळे गेले यावर बरंच अवलंबून आहे.

समजा गणित असं होतं: साइन ए = ३/५, ए दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये, टॅन ए काढा. तू उत्तर ३/४ लिहिलंस. खरं उत्तर उणे ३/४, कारण दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये कॉस ऋण असतो. मार्क गेला, पण काळजीचं कारण नाही. नवी कल्पना अर्धीच बसली आहे, पंधरा-वीस गणितं केलीस की बसेल. आता दुसरा पेपर बघ. कल्पना बरोबर, सूत्र बरोबर, आणि मधल्या पायरीत १/(ए+बी) चे १/ए + १/बी केलेत, किंवा वर्गमूळ काढताना बेरजेच्या दोन पदांचं वेगवेगळं काढलंस. नव्वदच्या वरच्या मुलांच्या पेपरांतही हे मी कितीदा तरी लाल शाईने गोल केलं आहे. हे दुखणं अकरावीचं नाही, आठवी-नववीचं आहे. दहावीत ते झाकलेलं राहतं, इथे प्रत्येक धड्यात आडवं येतं. बरं होतं, पण मागे जाऊन बैजिक राशी पुन्हा कराव्या लागतात आणि त्याला महिने लागतात. आणि तिसरा प्रकार, जो तुझ्या बाबतीत मला सगळ्यात शक्य वाटतो: अर्धा पेपर कोराच. चूकही नाही, कारण काही लिहिलंच नाही. म्हणजे सराव झाला नाही. सकाळी कॉलेज, दुपारपासून नीटची बॅच, रविवारी टेस्ट. गणिताची वही उघडणार कधी?

पहिला प्रकार असेल तर सोडायचा विचार आत्ता बाजूला ठेव. दुसरा असेल तर स्वतःला प्रामाणिकपणे विचार की तेवढे महिने द्यायची तयारी आहे का. तिसरा असेल तर तुझा प्रश्न गणिताचा नाहीच, वेळेचा आहे.

आता बाबांचं म्हणणं. ते चूक नाहीत. २०२४ ला नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी, बाकीच्यांची फी ऐकून बऱ्याच घरांत विषय तिथेच संपतो. अशा वेळी बापाने दुसरा रस्ता बघून ठेवणं यात गैर काही नाही. गणित सोडलं की इंजिनिअरिंग जातं, आर्किटेक्चर जातं, एनडीएतून नौदल-हवाई दलात जायचं असेल तर तेही जातं. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय संस्था) पुस्तिकेवरून 'इंजिनिअरिंगला आता गणित लागणार नाही' अशा बातम्या झाल्या होत्या, त्या वाचून कुणी तुला सल्ला दिला तर ऐकू नकोस. महाराष्ट्रात बी.ई.-बी.टेक.ला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात.

पण काय काय जात नाही तेही बाबांना सांग. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग यांपैकी कशालाही गणित लागत नाही. बी.फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चालतं. बीएस्सी ॲग्रीलाही पीसीबीवर जाता येतं. म्हणजे नीट हुकली तर थेट रस्त्यावर, असं काही नाही. बऱ्याच घरांत 'बॅकअप' म्हटलं की फक्त इंजिनिअरिंगच डोळ्यांपुढे येतं, जणू मधे काही नाहीच.

आणि ज्याला बॅकअप म्हणतात तो खरंच बॅकअप आहे का, हे कुणी मोजत नाही. इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी खुल्या गटाला बारावीत फिजिक्स, गणित आणि केमिस्ट्री मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव गटांना ४०. 'मिळून' हा शब्द लक्ष देऊन वाच. फिजिक्स-केमिस्ट्रीला चांगले मार्क असतील तर गणितात पन्नाशीच्या आत राहूनही पात्रता येते. वर एमएचटी-सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) शून्यापेक्षा जास्त गुण असले की कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, नाव लागतं. एवढंच हवं असेल तर ते फार महाग नाही. बोर्डाचा गणिताचा लेखी पेपर ८० चा, २० प्रात्यक्षिकाचे. त्या ८० मध्ये दोन, तीन आणि चार मार्कांच्या प्रश्नांना भरपूर विकल्प असतो: दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीनचे बारापैकी आठ, चारचे आठपैकी पाच. दोन-तीन अवघड धडे सोडून दिलेली मुलंही सुखाने पास होतात.

मात्र असा बॅकअप कुठलं कॉलेज देईल? ते सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतं. पीसीएम ग्रुपच्या सीईटीत २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, ९० मिनिटांत ५० प्रश्न, आणि पातळी जेईई मेनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची. निगेटिव्ह मार्किंग नाही हे खरं, पण जिने दोन वर्षं गणिताला उरलासुरला वेळ दिला ती तिथे टिक मारत सुटते. पुण्या-मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर, आणि तेही नीट देऊन फावल्या वेळात, असं बाबांच्या मनात असेल तर ते होणार नाही. दोन डगरींवर हात ठेवून दोन्हीकडे वर चढणारी मुलं मी पाहिली आहेत, नाही असं नाही, पण त्यांना अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणिताने रडवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मैत्रिणी सांगणार नाहीत. गणित सोडलं तरी ते फिजिक्समधून परत येतं. बालभारतीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघड, दुसरा धडाच मॅथेमॅटिकल मेथड्स: व्हेक्टर, डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट, शेवटी डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची तोंडओळख. नीटच्या ७२० पैकी १८० मार्क फिजिक्सचे आहेत आणि बायोत जवळपास सगळ्यांनाच मार्क पडत असल्यामुळे खरी वाटणी फिजिक्समध्ये होते. तेव्हा भूगोल घेतलास तरी त्रिकोणमिती, लॉग, ग्राफ, साधं डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन एवढं तुला करावंच लागेल. गणिताचा पेपर नसेल, इतकाच फरक. गणित काढलं आणि दुसऱ्या सत्रात फिजिक्स बुडालं, अशा मुली दर वर्षी माझ्याकडे येतात, आणि त्यांना मी शिकवते ते गणितच.

भूगोलाबद्दल फार लिहीत नाही. विषय चांगला आहे, पण सायन्सची मुलं तो चांगला म्हणून घेत नाहीत. त्यालाही जर्नल असतं आणि प्रात्यक्षिक असतं, ते फुकट मिळत नाही. शिवाय सगळ्याच कॉलेजांत सायन्सला भूगोल मिळतो असं नाही. ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आधी विचार की विषय बदलायचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतात आणि बदल्यात कोणते विषय आहेत. क्लासवाल्यांना विचारू नकोस. ते 'काढून टाक' म्हणतील, त्यांना तुझा वेळ हवा आहे. अकरावीत बदल त्यातल्या त्यात सोपा असतो, बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली की कटकट वाढते.

आता माझं मत. ऑफिसातली तारीख परवानगी देत असेल तर प्रथम सत्र परीक्षेपर्यंत गणित ठेव. अकरावीत ठेवलेलं गणित नंतर काढता येतं, काढलेलं परत घ्यायचं म्हणजे मधले धडे एकटीने भरून काढायचे, आणि बारावीचं डिफरन्शिएशन अकरावीच्या फंक्शन्स आणि लिमिट्सवर उभं आहे. तोवर त्रिकोणमितीचे दोन धडे आणि सरळ रेषा एवढंच धर. रोज तासभर, तोही रात्री अकराला डोळे मिटत असताना नको, सकाळचा. बालभारतीचं पुस्तक पुरे. उदाहरणं झाकून स्वतः सोडवायची आणि मग पडताळायची. सत्र परीक्षेत मार्क किती वाढले यापेक्षा कोरी पानं किती कमी झाली ते बघ.

त्यानंतरही चित्र तेच असेल आणि तुला डॉक्टरच व्हायचं असेल, तर खुशाल सोड. 'गणित सोडलं म्हणजे पोरगी कच्ची' असं म्हणणारे शेजारी-पाजारी असतात. नीटची परीक्षा ते तुझ्या वतीने देणार नाहीत. पण मेडिकल ही तुझी इच्छा आहे की बायोला दहावीत चांगले मार्क होते म्हणून घरातल्यांनी बॅच लावली, याचं उत्तर तुलाच देता येत नसेल, तर सोडू नकोस. अशा वेळी गणित बोर्डापुरतं ठेवणं हा मधला मार्ग आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक विषयात नव्वद हवेत हा हट्ट तेवढा सोडावा लागेल, आणि तो बहुधा तुझ्यापेक्षा आईबाबांना जड जाईल.

बाबांची अगदीच समजूत पटत नसेल तर त्यांना हेही सांग: बारावी पास झाल्यावर बोर्डाकडे 'तुरळक विषय' म्हणून एखादा विषय स्वतंत्रपणे देता येतो. नीट एकदा हुकली आणि वर्षभर थांबलीस तर त्या वर्षात गणित देऊन टाकायची वाट उरते. सोपी नाही, दोन वर्षांचं गणित एका वर्षात करावं लागतं, आणि प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीची सीईटी सेलची (सीईटी घेणारं राज्याचं कार्यालय) माहितीपुस्तिका वाचूनच पुढे जायचं. पण 'आत्ता सोडलं की कायमचं गेलं' ही भीती त्यांनी डोक्यातून काढायला हरकत नाही.

पेपरातली कुठली गणितं चुकली आणि कुठली कोरी सोडली ते खाली प्रतिक्रियेत लिही. मधल्या पायऱ्यांसकट लिही, नुसतं उत्तर नको. वरच्या तिन्हीपैकी कुठला प्रकार आहे ते बघून सांगते.