रशियन शिकणं किती अवघड आहे? शाळेत संस्कृत होतं, त्याचा फायदा होईल का? सहा महिन्यांत बोलता येईल?

नुसतं ‘किती अवघड’ एवढंच विचारलं असतं तर मी पुढे गेले असते. पण त्या संस्कृतने डोकं उठवलं. ‘संस्कृत येतं ना, मग रशियन म्हणजे हातचा मळ’ हे वाक्य मी आमच्या वाईच्या काकांच्या तोंडून प्रत्येक लग्नामुंजीत ऐकत आले आहे. तेव्हा आधी तेच.

मी नाशिकची. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्यासोबत सोव्हिएत तंत्रज्ञ आले. वडील तिथेच नोकरीला. त्यांना ड्रॉइंगवरची रशियन वाचता यायची, पण कुणा रशियनाला ‘चहा घेणार का’ म्हणून विचारता यायचं नाही. आईचं नेमकं उलट. लिपीचा गंध नाही, पण रशियन बायकांबरोबर भाजीवाल्यापाशी उभी राहून ती बोलायला शिकली. मी पुढे पुण्यात संध्याकाळचे वर्ग केले, मॉस्कोत पुश्किन संस्थेत शिकले आणि दुभाषी म्हणून पोट भरलं.

एका दिवाळीत आमच्याकडे एक रशियन जोडपं फराळाला आलं होतं आणि काकाही सुट्टीला आलेले. काका संस्कृतचे शिक्षक. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळते ती शंकरशेट शिष्यवृत्ती थोडक्यात हुकलेली, आणि ती कशी हुकली हे घरातल्या प्रत्येक पोराला पाठ. हातात चकली घेऊन त्यांनी सुरुवात केली. भ्राता म्हणजे ब्रात. द्वार म्हणजे द्व्येर. अग्नी, अगोन. नभ, न्येबा. स्नुषा, स्नखा. देवर, द्येव्हेर. पाहुणे खूश, मी भाषांतर करतेय, काका रंगात आलेले. ‘बघ, मुळात एकच भाषा!’

मग पाहुण्याने नाशिकरोड स्टेशनवर त्याची बॅग कशी हरवली आणि कशी सापडली ते सांगायला घेतलं. त्यात ना भ्राता होता ना अग्नी. स्टेशनला वग्झाल, दुकानाला मगझीन, रांगेला ओचिरेत, दाखल्याला स्प्राफ्का. काका नुसती मान डोलवत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या पुस्तकातून पाठ केलेलं वाक्य बाहेर काढलं: ‘मी शिक्षक होतो.’ पुस्तकात होतं ‘या बिल उचीतेलेम’. काकांना ते ‘बिल’ अर्धवट वाटलं असावं, म्हणून गेला-आला-झालाच्या चालीवर त्यांनी त्याचं ‘बिला’ करून टाकलं. आता रशियनमध्येही भूतकाळात आपल्यासारखाच ‘ल’ येतो, लिंगाप्रमाणे बदलतोही, पण ‘ला’ तिथे बाईसाठी. तो गेला म्हणजे पशोल, ती गेली म्हणजे पश्ला. पाहुणीला हसू आवरेना.

तेवढ्यात आई ‘म्न्ये खोलदना’ म्हणत दार लावायला उठली. मला थंडी वाजतेय. पाहुणी म्हणाली, ‘ही काय थंडी?’ आणि त्या दोघी जे सुरू झाल्या ते हिवाळा, लोणची, सासवा असं करत तासभर बोलत होत्या. आईच्या विभक्त्या सगळ्या चुकीच्या. अडलं की हातवारे. पण वाक्याचा सांगाडा बरोबर, कारण तो मराठीच होता.

पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, ‘वहिनी, ही काय भाषा झाली? ना विभक्ती ना वचन.’ तिथे जो वाद पेटला तो आजतागायत चालू आहे, आणि आई गेल्यापासून तिच्या बाजूने मी लढते.

तर माझं म्हणणं असं. संस्कृतमुळे तुम्हाला मूठभर नातेवाईक शब्द ओळखू येतील. ऐकायला गोड, वापरायला शून्य. त्या ‘द्येव्हेर’चा नेमका अर्थ आजच्या कितीतरी तरुण रशियनांनाही सांगता येत नाही, ते सरळ ‘नवऱ्याचा भाऊ’ म्हणतात. खरा फायदा मराठीचा आहे, आणि तो आपण फुकट घालवतो, कारण रशियन शिकतो इंग्रजीतून. इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकात अर्धा धडा या समजावणीत जातो की ‘मला आवडतं’ या वाक्यात आवडणारा माणूस कर्ता नसतो. अहो, आपण जन्मापासून तसंच बोलतोय! ‘म्न्ये न्राव्हित्सा’ म्हणजे मला आवडतं, ‘उ मिन्या येस्त्य’ म्हणजे माझ्याकडे आहे. मॉस्कोत आमच्या वर्गातला अमेरिकन मुलगा थंडीने कुडकुडत ‘या खलोदनी’ म्हणायचा, म्हणजे मी स्वतःच थंड पदार्थ आहे असं काहीतरी, आणि मास्तरीणबाई रोज कपाळाला हात लावायच्या.

आणखी ऐका. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच, हिंदीवाल्यांना तिसरं नव्याने शिकावं लागतं. तू आणि तुम्ही जसंच्या तसं. ‘हा माझा भाऊ’ यात ‘आहे’ लागत नाही, तिथेही नाही. माणूसचं माणसाला होताना मधला स्वर गळतो, तसा दिवसाचा ‘द्येन’ पुढे ‘द्न्या’ होतो. ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’ यातला फरक ज्याला कळतो, त्याला ‘चिताल’ आणि ‘प्रचिताल’ ही पूर्ण-अपूर्ण क्रियापदांची जोडी निदान भुताटकी वाटत नाही. चांगलामधला च आपल्याला येतो, म्हणून त्सार (आपण ज्याला झार म्हणतो तो) म्हणताना जीभ अडखळत नाही.

लिपीचा बाऊ करू नका. ३३ अक्षरं आहेत. रफार आणि पोटफोड्या ष पचवलेल्या माणसाला आठवडा पुरे.

इंटरनेटवर ११०० तासांचा आकडा फिरतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा आहे: रशियनसाठी ४४ आठवडे, ११०० तास. पण तो इंग्रजी मातृभाषेच्या माणसासाठी काढलेला आहे, आणि त्याच गटात त्यांनी हिंदीसुद्धा टाकली आहे. आपल्याला हिंदीला ११०० तास लागले का? मग त्या आकड्याने घाबरायचं कशाला?

मात्र काही गोष्टींत मराठी, संस्कृत कुणीच मदतीला येत नाही. पहिली म्हणजे आघात, शब्दातल्या एका अक्षरावर द्यायचा जोर. तो शब्दात कुठेही असतो, रूप बदललं की सरकतो, आणि छापील मजकुरात दाखवत नाहीत. एकच लिहिलेला शब्द ‘झामक’ म्हटला तर किल्ला, ‘झमोक’ म्हटला तर कुलूप. आघात नसलेला ओ जवळजवळ अ होतो, म्हणून लिहायचं मोलोको आणि म्हणायचं मलाको. शब्द पाठ करताना आघातासकट पाठ केला नाही, तर तुम्ही जे बोलाल ते फक्त तुम्हालाच कळेल.

दुसरी म्हणजे जाण्यायेण्याची क्रियापदं. आपल्याला एक ‘जाणे’ पुरतं. त्यांना आधी ठरवावं लागतं की पायी की वाहनाने, मग एका दिशेने चाललाय की जाऊन-येऊन असतो. इत्ती, खदीत्य, येखत्य, येझदित्य. वर प्रत्येकाला पुढे उपसर्ग: आत, बाहेर, पलीकडे, वाटेत थोडं डोकावून. मी इतकी वर्षं दुभाषी होते, तरी दमलेली असले की अजून क्षणभर थांबते.

तिसरी म्हणजे मोजणं. एक रूब्ल, दोन-तीन-चार रुब्ल्या, पाचपासून रुब्ल्येय, आणि एकवीसला पुन्हा रूब्ल. बाजारात हे करताना घाम फुटतो.

आता काकांवर अन्याय नको म्हणून सांगते. संस्कृतचा एक उपयोग खरा आहे. रशियन विशेषण नामाच्या लिंग, वचन, विभक्ती तिन्हींप्रमाणे फिरतं. आपलं मराठी विशेषण ‘चांगल्या मुलाने, चांगल्या मुलाला’ एवढ्यावर भागवतं, पण ज्याने शाळेत ‘यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य’ घोकलंय, त्याला तो तक्ता बघून चक्कर येत नाही. विभक्त्या तिथे सहाच आहेत, तुम्हाला आठांची सवय. आणि दोन-तीन-चारला वेगळं रूप येतं ते जुन्या द्विवचनाचा अवशेष आहे, हेही काकांनी एकदा बरोबर सांगितलं होतं. त्यांना हे उत्तर दाखवू नका.

सहा महिन्यांचं विचारलंत. रोज तासभर बसलात तर वाचता येईल, खरेदी करता येईल, स्वतःबद्दल चार वाक्यं सांगता येतील. टीव्हीवरच्या बातम्या कळणार नाहीत, रशियन आजी जोरात बोलायला लागली तर तीही कळणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांना रशियात विद्यापीठात रशियनमधून शिकायचं असेल तर आधी सहसा पूर्ण वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करावा लागतो, तोही तिथे राहून. तुम्ही कशासाठी शिकताय ते लिहिलं नाहीत. वैद्यकीयला जाणार असाल आणि एजंट ‘सगळं इंग्रजीत आहे, भाषेची गरज नाही’ म्हणत असेल, तर त्याला विचारा की वॉर्डातला पेशंट कुठल्या भाषेत कण्हतो.

क्लास निवडताना पहिल्याच दिवशी बघा की फळ्यावर प्रत्येक शब्दावर आघाताची खूण करतात का, आणि तुम्हाला तोंड उघडायला लावतात का. यातलं एकही होत नसेल तर फी परत मागा. शिक्षक मराठी असेल तर त्याला मराठीतून शिकवायला सांगा. तो आढेवेढे घेईल, इंग्रजीतून शिकवलं की भारी वाटतं असा समज आहे. तरी सांगा.