ब्राउझरची चाचणी आवृत्ती आत्ताच वापरून बघावी, की पक्की येऊन चार महिने झाले की घ्यावी?

आजच घ्या.

तुमच्या या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा." ती म्हण वाचली आणि राहवलं नाही. ब्राउझरच्याच बाबतीत हीच म्हण मी २००८ पासून माझ्या थोरल्या भावाकडून ऐकतोय.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, इथल्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर रोज सकाळी चहा झाला की ते पुण्याच्या एका दैनिकाचं संकेतस्थळ उघडून बसायचे, कारण छापील अंक आमच्यापर्यंत यायचा तो शिळा होऊन. त्या संकेतस्थळावरचा मजकूर दोन्ही कडांना सरळ, जस्टिफाय केलेला असायचा. घरातल्या कॉम्प्युटरवर मी जो फायरफॉक्स ब्राउझर टाकला होता, त्यात नेमका असाच मजकूर फुटायचा. अक्षरं जोडण्याऐवजी तो ती एकेक सुटी मांडायचा. 'शिक्षक' या शब्दातली वेलांटी 'श'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर, ठिपक्यांच्या गोलावर चढून बसायची. पुढे पाय मोडलेला 'क' आणि त्याच्यापासून तुटलेला 'ष'. त्याच खिडकीत फक्त डाव्या कडेला लावलेलं पान मात्र स्वच्छ दिसायचं. म्हणजे दोष फॉन्टचा नव्हता आणि विंडोज एक्सपीच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्या चालू करणारी खूण मी केव्हाच केलेली होती.

अण्णा भिंग घेऊन बसायचे. एकदा म्हणाले, "अरे, ही वेलांटी अक्षर शोधत फिरतीये." ते फार लागलं मला.

दादाचं म्हणणं एकच. आधीच्या ब्राउझरमध्ये नीट दिसत होतं ना? मग हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागलास? पण त्या आधीच्यातून दर पंधरा दिवसांनी काही ना काही व्हायरस चिकटायचा आणि मशीन पुसून पुन्हा सगळं भरायला मीच बसायचो. ते दादाच्या हिशेबात कधी आलं नाही. वेलांट्यांचं चित्र काढून मी इंग्रजीत तक्रारही नोंदवली होती. दादा म्हणाला, "तिकडे कोण वाचणारे तुझी वेलांटी?" जाऊन पाहिलं तर हिंदीवाल्यांनी तीच तक्रार माझ्या आधी करून ठेवलेली होती.

एप्रिल २००८ मध्ये फायरफॉक्स ३ चा पाचवा बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, आला. मी माझ्या मशीनवर वेगळं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क-सेटिंग्जचा वेगळा कप्पा, करून तो उघडला आणि थेट अण्णांचं पान लावलं. 'शिक्षक' जिथल्या तिथे! मजकूर मांडणारं आतलं यंत्रच त्यांनी नव्याने बांधलं होतं. अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, पडद्यावर बोट ठेवून अख्खा अग्रलेख वाचला आणि म्हणाले, "आल्या घरी वेलांट्या."

दादाने मात्र बजावलं, कच्चा माल अण्णांच्या मशीनवर टाकायचा नाही. म्हणून पक्क्या आवृत्तीची वाट बघत आम्ही अडीच महिने काढले.

ती आली १७ जून २००८ ला. चोवीस तासांत सर्वाधिक डाउनलोडचा गिनीज विक्रम करायचा म्हणून जगभर आधीच साद घातलेली होती. आपल्याकडे वेळ रात्री साडेदहाची. एरवी नऊला झोपणारे अण्णा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. साडेदहा झाले, पान उघडेना. एवढी गर्दी उसळली होती की तिकडचे सर्व्हर झोपले. अकरा वाजले. दादा म्हणाला, "बसा तुम्ही, मी सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन येतो." तो दहीवडे बांधून परत आला आणि आमचं पान उघडलं. विक्रमाची मोजणीसुद्धा आपल्या घड्याळात रात्री ११ वाजून ४६ मिनिटांनीच सुरू झाली, हे नंतर कळलं. साताठ एमबीची फाइल, पण आमच्या लाइनवर ती पट्टी सरकता सरकेना. अण्णा टक्के मोठ्याने वाचत होते.

चोवीस तासांचा आकडा झाला ८०,०२,५३०. त्यातला एक आमच्या रामबागेतला. डाउनलोड करणाऱ्याला नाव घालून छापता येईल असं प्रमाणपत्र मिळत होतं, ते मी अण्णांच्या नावाने काढलं. अण्णांच्या कपाटात सेवापुस्तिकेशेजारी ते अजून आहे.

दुसऱ्या दिवशी माझी तीन एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी, बंद पडली. झालं, दादाला म्हण सापडली! तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, पंगतीत हा विषय निघतो.

दादाला जे कधी पटलं नाही ते तुम्हाला सांगतो. ठेच लागायला पुढे चालणारा मराठी वाचणारा हवा. ज्याला वेलांटी कळत नाही त्याचा पाय तिथे अडणारच नाही. तो तसाच पुढे निघून जाईल आणि चार महिन्यांनी येणारा तुमचा मागचा शहाणा त्याच दगडावर आपटेल. आपली लिपी आपणच आधी तपासायची, दुसरं कोणी येणार नाही. १९९९ साली वेबदुनिया हे हिंदीतलं पहिलं पोर्टल आमच्या याच इंदुरातून सुरू झालं. तेव्हाही सगळे थांबूनच बसले असते तर?

आता थोडं सांभाळायचं. बीटा ऑफिसच्या मशीनवर नको. बँक, करभरणा, डिजिटल सही यांसाठी पक्की आवृत्ती तशीच राहू द्या. फायरफॉक्सच्या ६७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मे २०१९ पासून, शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेला बीटा आपलं प्रोफाइल वेगळं ठेवतो, पण आधी बुकमार्क आणि पासवर्ड बाहेर काढून ठेवाच. नव्यात उघडलेलं प्रोफाइल जुन्यात पुन्हा उघडायला गेलात की अडतं. एक्स्टेन्शन्सचा घोळ होतो, हे दादाचं खरं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी आली तेव्हा जुन्या पद्धतीची सगळीच गेली. आणि चार महिने थांबणं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींची नवी आवृत्ती आता दर काही आठवड्यांनी येते, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. तेवढे दिवस तुम्ही उघड्या दाराने बसणार.

बीटा उघडला की आधी जस्टिफाय केलेलं एक मराठी पान लावा. मग 'कुऱ्हाड, तऱ्हा, दर्या, दऱ्या' ही ओळ टाइप करा. अण्णांनी निवडलेली आहे. 'दर्या'तला रफार डोक्यावर आणि 'दऱ्या'तला र आडवा, असंच दिसलं पाहिजे. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर पानाची भाषा मराठी लावलीय का आणि फॉन्टमध्ये मराठी वळण आहे का ते बघा, त्यात ब्राउझरचा दोष असेलच असं नाही. बाकी काही फुटलेलं दिसलं तर चित्र काढून तक्रार नोंदवा. साधं इंग्रजी चालतं, फक्त चुकीचं रूप आणि बरोबर रूप शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे वेलांटी न कळणाऱ्यालाही फरक दिसेल.