वृद्धांचा डॉक्टर शोधायच्या आधी बाबांचे कागद गोळा करा

ताई, तुमचे ७९ वर्षांचे बाबा नागपुरात प्रतापनगरला एकटे, तुम्ही पुण्यात. हृदयाचे, मेंदूचे, लघवीचे आणि हाडांचे असे चार डॉक्टर, रोजच्या चौदा गोळ्या. आधी चक्कर, मग बाथरूममध्ये पडणं, आता हात थरथरतोय आणि चालताना पाय घासतात. आणि नागपुरात खास म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. हे वाचून बाबांची एकही गोळी परस्पर बंद करू नका. झोपेच्या, झटक्याच्या आणि काही बीपीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर जीवावर बेतू शकतं.

जेरिॲट्रिक्स, म्हणजे वृद्धांच्या आजारांचं वैद्यक, या विषयात एमडी झालेले डॉक्टर आपल्या देशात फार कमी आहेत. हा अभ्यासक्रम पहिल्यांदा सुरू झाला तोच १९९६ साली, मद्रास मेडिकल कॉलेजात. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखालचं महाराष्ट्रातलं प्रादेशिक केंद्र मुंबईला जे. जे. रुग्णालयात आहे. काही फिजिशियन इग्नू या मुक्त विद्यापीठाची वृद्धवैद्यकातली एक वर्षाची पदविका करतात. पाटीवर 'जेरिॲट्रिक' दिसलं तर ती एमडी आहे की पदविका, हे सरळ विचारा. पदविका असलेल्यांना मी कमी लेखत नाही. पण नुसता शब्द बघून बाबांना मुंबईला न्यायची घाईही करू नका. प्रवासात त्यांचे हाल होतील आणि तिथलेही डॉक्टर पहिल्यांदा जुने कागदच मागतील.

माझं मत स्पष्ट सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. तुम्हाला पाचवा स्पेशालिस्ट नकोय. सगळ्या चौदा गोळ्यांची जबाबदारी घेईल असा एक एमडी मेडिसिन, म्हणजे सगळ्या शरीराचं एकत्र बघणारा फिजिशियन, हवाय. मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं असोत की मिहानमधलं एम्स, कुठेही गेलात तरी मेडिसिन विभागापासून सुरुवात करा. वर्ध्याकडे नातेवाईक असतील तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही आहे. खाजगीत जायचं असेल तर फोनवरच विचारा, "डॉक्टर सगळी औषधं एकत्र बघून कमी करायचं बघतील का? त्यासाठी जास्त वेळ देतील का?" पलीकडून "आधी तक्रार काय ते सांगा" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

आता कागदांबद्दल. आमचे सगळ्यात जास्त महिने यातच गेले.

आई न्यूमोनियासाठी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात भरती होती. सुटीच्या कार्डावर न्यूमोनियाची औषधं टाइप केलेली आणि खाली पेनाने एक ओळ, "बाकी पूर्वीप्रमाणे चालू". पूर्वीप्रमाणे म्हणजे नक्की काय, ते कुठेच नाही. पुढे थरथर सुरू झाली. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, भरती असताना कोणती औषधं नवीन चालू झाली? रास्त प्रश्न होता. उत्तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्डच्या खिडकीत होतं आणि खिडकीवरचा माणूस ते द्यायला तयार नव्हता. "पेशंटला घेऊन या." ज्या बाईला खुर्चीतून उठताना दोघं लागतात तिला एका सहीसाठी घेऊन या! मग अर्ज द्या. मग साहेबांची सही नाही. मग साहेब रजेवर. मग "कॉपी फक्त इन्शुरन्सच्या केसला देतो, तुम्हाला काहून पाहिजे?" तोवर थरथर म्हणजे पार्किन्सन असं धरून त्याची गोळी सुरू झाली होती. आईला उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि संध्याकाळी खोलीत नसलेली माणसं दिसू लागली. अजूनही त्या खिडकीचा राग माझ्या मनातून जात नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. म्हणून बाबांकडून साध्या कागदावर अधिकारपत्र आजच लिहून घ्या. अर्जात या नियमाचा उल्लेख करा, दोन प्रती न्या आणि एकीवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. आम्हाला कागद मिळाले ते शिक्क्याचा अर्ज दिल्यावरच.

पण खरा उलगडा त्याआधीच झाला, औषधाच्या दुकानाच्या बिलांवरून. एका ओळखीच्यांनी धरमपेठेतल्या एका वयस्क फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्या आणि अर्धवट सुद्धा, टेबलावर ओतायला सांगितल्या. बिलं तारखेप्रमाणे लावली. मग आईलाच विचारलं, "काकू, चहाचा कप हलायला कधी लागला?" आई म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या वेळी, पुरण वाटताना." बिलांवर चकरेची सिनारिझिनची गोळी त्याच्या बऱ्याच आधीपासून दर महिन्याला दिसत होती. ही गोळी म्हाताऱ्या माणसात लांबवली तर अगदी पार्किन्सनसारखी थरथर आणि कडकपणा आणू शकते. प्रोक्लोरपेराझिनचंही तसंच. पार्किन्सनची लेव्होडोपा उभं राहताना बीपी खाली आणू शकते, म्हणजे पुन्हा चक्कर, आणि चकरेला पुन्हा तीच गोळी. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून त्या फिजिशियननी एकेक गोळी कमी केली. थरथर लगेच गेली नाही, काही महिने लागले. आता आई स्वतः कप उचलते.

बाबांना हेच झालंय असं मी म्हणत नाही, खरा पार्किन्सनही असू शकतो. पण त्यांच्या यादीत ही नावं आहेत का ते बघा आणि डॉक्टरांना थेट विचारा. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी येते आणि मग रात्री दोनला बाथरूमला जाताना माणूस पडतो. हीही साखळी मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितली आहे. प्रोस्टेटच्या काही गोळ्याही उभं राहताना बीपी पाडतात.

घरी एक गोष्ट करता येते. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. हे करताना जवळ कोणीतरी उभं असू द्या. चार डॉक्टरांपैकी एकानेही आईचं उभ्याने बीपी घेतलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि आपल्या उन्हाळ्याचं विसरू नका. पारा ४५ च्या पुढे गेला की लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो आणि घरच्यांना वाटतं वयामुळे विसरतायत. अचानक दोन दिवसांत बडबड किंवा गुंगी वाढली तर त्याला वय समजू नका. सोडियम आणि लघवीची तपासणी त्याच दिवशी करायला सांगा.

तुम्ही पुण्यात आहात, तेव्हा बाबांसोबत दरवेळी एकच माणूस जाईल असं बघा, भाचा असो की शेजारी. डॉक्टरांपुढे बाबांना स्वतः बोलू द्या. ऐकायला कमी येत असेल तर आधी कानातला मळ काढून घ्या. आमच्याकडे अर्धा "विसरभोळेपणा" तिथेच संपला. कोणीच सोबतीला नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ७० आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, आधारवर निघतं. बाबांचं अजून काढलं नसेल तर काढून ठेवा. पण ते भरतीसाठी आहे. ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, तो खर्च वेगळा धरा.