दोन हजार मीटर रेशीम

गेल्या अंकात ‘आलिये परुसा’ (म्हणजे लाल शिडं) या १९६१च्या रशियन चित्रपटाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर अकरा पत्रं आली. त्यातली चार घेते. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. समुद्रकाठच्या कापेर्ना गावात खेळणी करून विकणारा लाँग्रेन आणि त्याची आईवेगळी मुलगी असोल राहतात. ती लहान असताना एग्ल नावाचा एक म्हातारा तिला सांगतो, की एक दिवस लाल शिडांचं जहाज तुला न्यायला येईल. ही बातमी गावाला लागते आणि गाव तिला वेडी ठरवून मोकळं होतं. पुढे ग्रे नावाच्या तरुण कप्तानाच्या कानावर ते येतं आणि तो खरोखरच तसं जहाज घेऊन येतो.

तुमच्या सांगण्यावरून नववीतल्या नातीबरोबर हा चित्रपट पाहिला. संपल्यावर ती म्हणाली, “म्हणजे हिने इतकी वर्षं नुसती वाट बघितली आणि शेवटी श्रीमंत मुलगा आला, एवढंच ना आजी?” मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?
(एक आजी, सांगली)

नातीला शाबासकी द्या. माझीही पहिली तक्रार हीच होती. १९८३ साली मी लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, रशियन शिकत होते. होस्टेलमध्ये टीव्हीची एक सामाईक खोली असायची, तिला ‘क्रास्नी उगलोक’ म्हणत, म्हणजे लाल कोपरा. तिथे हा चित्रपट लागला. खोलीतल्या सगळ्या मुली डोळे पुसत होत्या आणि मी चिडले होते. माझी वोलोग्दाची रूममेट म्हणाली, “आधी ग्रीन वाच, मग बोल.”

अलिक्सांद्र ग्रीनची मूळ कादंबरिका १९२३ची. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवड्यांत वाचली आणि अडकले ती कापडाच्या दुकानापाशी. माझ्या वडिलांचं लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक “लाल दाखवा” म्हणालं, की बाबा न बोलता सात लाल काढून ठेवायचे आणि डोळे बारीक करून बघत राहायचे, हात कुठल्यावर थांबतो ते. ग्रे तसाच तीन दुकानं फिरतो. दोन दुकानांत त्याला भडक बाजारी रंग दाखवतात. तिसऱ्यात एकेक ताका उघडून, दुमडून, उजेडात धरून तो अखेर एक निवडतो आणि शांतपणे सांगतो: दोन हजार मीटर. आमच्या दुकानात एका रंगाचं इतकं कापड कोणी मागितलं असतं, तर बाबांनी आधी पंखा लावला असता आणि पाणी मागवलं असतं.

रेशमावरच तो थांबत नाही. जहाजावर वाजवायला वादक गोळा करतो. आणि आपल्या माणसांना सांगतो, की लोक ज्याला चमत्कार म्हणतात तो आपल्या हातांनी करता येतो, हे मला कळलंय. म्हणजे या परीकथेत जादू कुठेच नाही. आहे ती खरेदी, शिवणकाम, मजुरी. मला ही गोष्ट आवडायला लागली ती तिथून.

आणि असोल नुसती उभी राहत नाही. शेवटी सगळं गाव किनाऱ्यावर जमतं, कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि ही एकटी धावत कमरेएवढ्या पाण्यात शिरते. “मी इथे आहे, ही मी!” असं ओरडत. ज्या गावाने तिला आयुष्यभर हसून घेतलं, त्याच्या समोर. नववीतल्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही. तेवढा प्रसंग परत दाखवा.

श्रीमंतीचं मात्र मी नातीच्याच बाजूने आहे. ग्रे वाड्यात जन्मलेला आहे, दोन हजार मीटरचे पैसे त्याच्या खिशात आहेत. याच गोष्टीत असोलची आई मरते ती पैशांपायी. नवरा समुद्रावर, घरात काही नाही, खानावळवाला मेन्नर्स मदत नाकारतो. मग ती अंगठी गहाण टाकायला पावसात दुसऱ्या गावी जाते, भिजते आणि आजारी पडून जाते. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत.

माझा जीव खरा अडकतो तो लाँग्रेनमध्ये. मुलगी धावत येऊन म्हाताऱ्याची भविष्यवाणी सांगते, तेव्हा तो ती खोडून काढत नाही. मनात म्हणतो, पुढे हिला खूप शिडं बघावी लागतील, लांबून पांढरीशुभ्र आणि जवळ आल्यावर फाटकी, मळकी. आत्ता कशाला हिचं खेळणं हिसकावून घ्यायचं? मुलींच्या किती बापांना हे जमतं?

नावाचं मराठी काय करावं? शेंदरी शिडं, किरमिजी शिडं की तांबडी?
(एक वाचक, चिपळूण)

या प्रश्नावर मी वर्गात दरवर्षी एक तास घालवायचे आणि दरवर्षी अभ्यासक्रम मागे पडायचा. रशियनमध्ये साध्या लालला ‘क्रास्नी’. झेंडा क्रास्नी, चौक क्रास्नी, आमचा होस्टेलचा कोपराही क्रास्नी. या शब्दाचा जुना अर्थ ‘सुंदर’. ‘आली’ हा त्याहून वेगळा, उजळ, ताजा लाल. ग्रीनने तर दुकानाच्या त्या प्रसंगात, या रेशमात काय नाही याची यादीच दिली आहे: ज्वालेची झाक नाही, पॉपीच्या पाकळीचा रंग नाही, जांभळट छटा नाही. पहाटेच्या उजेडासारखा निर्भेळ रंग.

आता लावा चाळणी. शेंदरात ज्वाला आहे, तो गेला. किरमिजी जांभळ्याकडे झुकतो, तोही गेला. उरलं तांबडं, आणि आपल्याकडे पहाट होते तेव्हा तांबडंच फुटतं! अर्थाने अगदी चपखल. पण ‘तांबडी शिडं’ म्हटलं की कोल्हापूरकडच्या विद्यार्थ्यांना रस्सा आठवतो आणि वर्ग हसतो. मी ‘आलिये परुसा’च ठेवते. तुमच्या किनाऱ्यावर कोणाकडे बरा शब्द असेल तर कळवा.

पडद्यावरचं जहाज खरं होतं, ‘अल्फा’ नावाचं तीन डोलकाठ्यांचं. क्रिमियाच्या किनाऱ्यावर कोक्तेबेलला चित्रीकरण झालं. सुती पांढऱ्या शिडांची सवय असलेल्या डोळ्याला ते भरलेलं रेशीम पहिल्यांदा दिसतं, तेव्हा अजूनही माझ्या पोटात हलतं. चिडचिड वगैरे सगळी पुढची.

मुलगा सेंट पीटर्सबर्गला शिकतो. त्याने जूनमध्ये नेवा नदीवर लाल शिडांचं जहाज आणि फटाके असा व्हिडिओ पाठवला. तो याच चित्रपटावरून का?
(एक पालक, नाशिक)

हो, त्याच गोष्टीवरून. शाळा संपवणाऱ्या मुलांचा तो सोहळा. १९६८ला सुरू झाला, १९७९नंतर बंद पडला आणि २००५पासून पुन्हा होतो. म्हणजे मी तिथे होते तेव्हा नेमका नव्हता. उन्हाळ्यातल्या न अंधारणाऱ्या पांढऱ्या रात्री पाहिल्या, जहाज नाही.

मुलाला एवढं सांगा, की गोष्ट लिहिलीही गेली त्याच शहरात. क्रांतीनंतरचं उपाशी, गारठलेलं पेत्रोग्राद, हे त्याचं तेव्हाचं नाव. ग्रीन टायफसमधून उठलेला, राहायला जागा नाही. लेखक मॅक्सिम गॉर्कीने खटपट करून त्याला ‘कलागृहा’त, म्हणजे लेखक-कलावंतांच्या वसतिगृहात, एक खोली मिळवून दिली आणि तिथे बसून या माणसाने रेशमाच्या छटा निवडल्या. पुस्तक बायकोला, नीनाला अर्पण केलंय. १९३२ला क्रिमियातल्या स्तारी क्रिममध्ये तो गेला, वय ५१. १९५०च्या सुमारास त्याची पुस्तकं ‘परकी’ ठरवून बाजूला टाकली गेली, काही वर्षांनी परत आली. आणि मग १९६१ला चित्रपट.

नायिकेचा आवाज तिचाच आहे का? आणि याच दिग्दर्शकाचं आणखी काय बघावं?
(एक वाचक, ठाणे)

आवाज तिचा नाही. अनस्तासिया व्हर्तिन्स्काया तेव्हा शाळकरी मुलगी होती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. आवाज दिला तो नीना गुल्यायेवाने. ग्रे झालेला वसिली लानवोय पुढे ‘आन्ना कारेनिना’त व्रोन्स्की झाला आणि त्याच चित्रपटात व्हर्तिन्स्काया किटी झाली. दोघांना परत एकत्र बघायचं तर तो बघा.

दिग्दर्शक अलिक्सांद्र प्तुश्को हा परीकथांचाच माणूस. त्याचा ‘साद्को’ (१९५२) जरूर बघा. त्यात नायक सुखाचा पक्षी शोधत थेट भारतात येतो, एका महाराजाकडे! स्त्रीचं तोंड असलेला तो पक्षी झाली आहे लीदिया व्हर्तिन्स्काया, म्हणजे आपल्या असोलची आई. पक्षी गायला लागला की ऐकणाऱ्यांना झोप येते. सांगलीच्या नातीला हाही दाखवा. तिला भांडायला इथे जास्त जागा आहे.