आधीचं काम १०० टक्के केलं तरी पुढच्या कामाची तारीख का हलत नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी: मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या कामांचं वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये कामं एकमेकांना जोडली आहेत, दर शनिवारी टक्के भरता, पण पुढच्या तारखा ढिम्म हलत नाहीत. शिवाय ज्यांच्या आधीची सगळी कामं उरकली आहेत, ती 'आता सुरू करता येतील' अशी वेगळी दिसायला हवी आहेत.

मी बांधकामाच्या साईटवर प्लॅनिंग बघतो आणि पहिल्या भागात चांगलाच तोंडघशी पडलेलो आहे. दोन कामांमधली जोडणी फक्त तारखा बघते, टक्क्यांशी तिला काही घेणंदेणं नसतं. तुम्ही टक्क्यांच्या रकान्यात १०० टाकलेत की सॉफ्टवेअर समजतं, काम ठरल्या दिवशी सुरू झालं आणि ठरल्या दिवशीच संपलं. तुम्ही तो आकडा कोणत्या दिवशी टाकलात हे ते विचारतही नाही.

आमच्याकडे एका स्लॅबची सळई बांधणी शुक्रवारी संपायची होती, ती संपली मंगळवारी. मी १०० टाकलं. काँक्रीट शनिवारी ओतायचं होतं, ते बुधवारी पडलं. तिथेही १०० टाकलं आणि चहा प्यायला गेलो. प्रोजेक्टच्या हिशेबी काँक्रीट शनिवारीच पडलेलं. त्यापुढे टेकू काढायचं काम सात दिवसांच्या अंतराने जोडलेलं होतं. छापलेला तक्ता सेंटरिंगवाल्याकडे गेला आणि सोमवारी सकाळी त्याची माणसं टेकू काढायला हजर! काँक्रीटचं वय पाच दिवस. साडेचार मीटरपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटसाठीही सात दिवसांच्या आत काढू नयेत, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. आमचा फोरमन तक्ते वाचत नाही, पण काँक्रीट कधी ओतलं ते त्याला पाठ असतं. त्याने माणसं परत पाठवली. मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी टक्क्यांचा रकाना लपवूनच ठेवतो. त्याऐवजी तीन रकाने उघडा: 'ॲक्चुअल स्टार्ट', 'ॲक्चुअल फिनिश' आणि 'रिमेनिंग ड्युरेशन'. काम संपलं असेल तर खरी तारीख टाकायची, टक्के आपोआप १०० होतात. चालू असेल तर सुरू झाल्याची खरी तारीख आणि अजून किती दिवस लागतील ते. ठेकेदाराला "किती टक्के झालं?" विचारलंत तर तीन आठवडे "नव्वद" ऐकाल. "अजून किती दिवस?" विचारलंत की तो जरा घुटमळतो, माणसं मोजतो आणि बऱ्यापैकी खरं बोलतो.

त्यानंतर 'स्टेटस डेट' ठरवा, म्हणजे ज्या दिवसापर्यंतची माहिती भरली तो दिवस. मग 'अपडेट प्रोजेक्ट' उघडून उरलेलं काम त्या तारखेनंतर ढकला. हे केलं नाही, तर न झालेलं काम मागच्याच आठवड्यात पडून राहतं. तक्त्यात ते भूतकाळात होणार असतं!

एवढं करूनही तारीख हलली नाही, तर डावीकडच्या चिन्हांच्या रकान्यात कॅलेंडरचं छोटं चित्र दिसतंय का बघा. 'स्टार्ट'च्या रकान्यात कोणीतरी हाताने तारीख लिहिली की त्या कामावर 'याआधी सुरू करू नये' अशी अट गुपचूप बसते. मग आधीचं काम लवकर संपलं तरी हे अलीकडे सरकत नाही. अट 'ॲज सून ॲज पॉसिबल' केली की सुटलं. २०१० च्या आवृत्तीपासून कामं 'मॅन्युअली शेड्यूल्ड', म्हणजे हाताने तारीख ठरवलेली, असू शकतात. तसं असेल तर ते आधी 'ऑटो' करा.

काँक्रीटसारख्या कामांसाठी आणखी एक. अंतर '७डी' लिहिलंत तर कामाचे सात दिवस धरले जातात. मूळच्या पाच दिवसांच्या आठवड्याच्या कॅलेंडरवर ते किमान नऊ दिवसांवर जातं. काँक्रीट रविवारची सुट्टी घेत नाही, म्हणून तिथे '७ईडी' लिहायचं, म्हणजे सुट्ट्यांसकट सलग सात दिवस. प्रेडिसेसरच्या, म्हणजे आधीच्या कामाच्या, रकान्यात '१२एफएस+७ईडी' (बारावं काम संपल्यावर सात दिवसांनी सुरू) असं, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

आता 'सुरू करता येईल'चा भाग. 'स्टेटस' नावाचा तयार रकाना आहे, पण तो काम पूर्ण झालं, वेळेवर आहे, मागे आहे की अजून पुढचं आहे एवढंच सांगतो; आधीच्या कामांकडे बघत नाही. रकान्यातल्या सूत्रानेही जमत नाही, कारण सूत्राला दुसऱ्या ओळीतल्या कामाचं काही वाचता येत नाही. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. त्यासाठी छोटा मॅक्रो, म्हणजे प्रोजेक्टमध्येच लिहिलेला प्रोग्रॅम, लागतो. प्रत्येक कामाच्या 'प्रेडिसेसरटास्क्स' यादीतून फिरायचं. एकही काम १०० च्या खाली सापडलं तर 'फ्लॅग१' या हो-नाहीच्या रकान्यात 'नाही', नाहीतर 'हो'. मग 'फ्लॅग१ हो' आणि शून्य टक्के असा फिल्टर. मधल्या रिकाम्या ओळी आधी वगळा, नाहीतर मॅक्रो तिथेच आपटतो. आणि जोडण्या मथळ्याच्या ('समरी') कामांना देऊ नका, खालच्या खऱ्या कामांनाच द्या, म्हणजे हा हिशेब सरळ राहतो.

वीटकामाबरोबर दोन मजले मागून प्लास्टर चालू असेल, तर ती जोडणी 'संपल्यावर सुरू' अशी ठेवूच नका. 'सुरू झाल्यावर सुरू' आणि मध्ये काही दिवसांचं अंतर द्या. अशा कामांसाठी मॅक्रोमध्ये आधीचं काम सुरू झालंय का एवढंच तपासायला हवं.

मॅक्रोला मधलं अंतरही दिसत नाही. काँक्रीटचं काम १०० झालं की त्याच संध्याकाळी तो टेकूच्या कामापुढे 'हो' लावतो. म्हणून फिल्टरमध्ये तिसरी अट माझ्याकडे कायमची आहे: 'स्टार्ट' या आठवड्यातली किंवा त्याआधीची हवी. फोरमन अजून त्याच साईटवर आहे.