ओढा निरोगी आहे का, हे तपासायला कोणतं किट घ्यावं? आधी दगड उलटा

तुम्ही विचारलंय की गावचा ओढा जिवंत आहे की आजारी, हे घरच्या घरी कसं कळेल आणि ऑनलाइन मिळणारा टीडीएस मीटर चालेल का.

मीटर घेऊ नका. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. गोठ्याचं किंवा संडासाचं थोडं पाणी ओढ्यात मिसळलं तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही. उलट चांगल्या विहिरीच्या जड पाण्याला तो भरमसाट आकडा दाखवतो आणि लोक घाबरतात.

एवढं तावातावाने लिहायचं कारण म्हणजे आमचा आबा. आमचं गाव पाटण तालुक्यात. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरून, उतरणारा ओढा गावाला वळसा घालून पुढे कोयनेला मिळतो. दगडगोट्यांवरून खळाळत येणारं पाणी, मध्येच एखादा डोह, काठाला वाळुंज, करंज, उंबर. आबा माझा चुलतभाऊ, गावात त्याच्या शब्दाला वजन. एका उन्हाळ्यात त्याने खोलीकरणाचं काम आणलं. पोकलेनने गोटे उपसून काठावर टाकले, तिथून ते कुणाकुणाच्या बांधाला गेले. वाळुंजं मधे येतात म्हणून मुळासकट काढली. राहिला एक सरळ, उभ्या भिंतींचा चर. दिवाळीत गावी गेलो तर पाणी नितळ, तळ दिसतोय. मी म्हटलं, ओढा मेला. आबाने प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणलं आणि ग्रामसभेत कागद फडकावला. पीएच मर्यादेत, क्षार मर्यादेत, सगळंच मर्यादेत. ‘पुण्यात राहून लय शहाणा झालाय,’ म्हणाला. सभा हसली.

कागद खोटा नव्हता. पण तो त्या बाटलीचा होता, ओढ्याचा नव्हे. बाटलीला फक्त ती भरली त्या घटकेचं कळतं. पाणकिडे आठवडे, महिने तिथेच काढतात. रात्री कुणी टँकर रिकामा केला तरी त्यांना पळून जाता येत नाही.

मग आबाला वरच्या अंगाला नेलं, जिथे पोकलेन पोचलाच नव्हता. ढोपरभर पाण्यातला एक गोटा उचलून उलटा केला. खाली मेफ्लाय या नाजूक, घाण न सोसणाऱ्या पाणकिड्याची चपटी पिल्लं, शेपटाला तीन बारीक धागे, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली कॅडिसफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याची अळी. दगडालाच नाण्यासारखी चिकटलेली भुंग्याची अळी. बाजूला तोंडाने दगड धरून बसलेला मळ्या मासा. मग खाली चरात आलो. उलटायला दगडच नव्हता. गाळ चाळणीत घेऊन धुतला तर वळवळणाऱ्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि प्राणवायू कमी असला तरी तगतात. आबा बघत होता. म्हणाला, ‘किड्यांसाठी असतो का रं वढा?’

ते किडे मासे खातात, बेडूक खातात, आणि पंख फुटून बाहेर पडले की पाखरं खातात. हे मी तेव्हा सांगितलंच, आबाने ऐकलं नाही.

तर तुमच्यापुरतं. पावसाळ्यात बघू नका, पूर सगळं धुऊन नेतो, थंडीत बघा. खळाळ, डोह, काठची मुळं अशा वेगवेगळ्या जागी दगड उलटा, चाळणी लावा, सापडलेले किडे पांढऱ्या ताटात घ्या. सापडलेल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवणारी बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली. किड्यांच्या नाजूक कुळांना 10 पर्यंत गुण, घाणीत तगणाऱ्या अळ्या-कृमींना 1-2. बेरजेला कुळांच्या संख्येने भागून येणारी सरासरी जास्त भरवशाची. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही त्याच धर्तीवर पाण्याचे पाच वर्ग केलेत. किटच हवं असेल तर विरघळलेल्या प्राणवायूचं घ्या आणि पहाटे मोजा. दुपारी शेवाळ भरपूर प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो खातं. 25 अंशाला पाण्यात तो लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम मावतो. पहाटे 4 च्या खाली गेला तर माशांचं कठीण.

दोन गोष्टी राहिल्या. मेफ्लाय दिसली म्हणून पाणी पिऊ नका, पिण्याची तपासणी वेगळी. आणि काळ्या मातीतल्या, मुळात गाळाच्याच तळाच्या ओढ्यात हे किडे नसले तर तो आजारीच असं नाही. जवळच्याच चांगल्या पट्ट्याशी ताडून बघा. मार्चमध्ये आटणं हाही कित्येक ओढ्यांचा स्वभावच असतो.

खोलीकरणाने आमच्या खालच्या आळीतल्या विहिरींना पाणी वाढलं, हेही खरं. आबा दरवेळी तेच काढतो. पण त्यासाठी साठलेला गाळ काढला असता तर पुरलं असतं. गोटे आणि वाळुंजं कुणाच्या विहिरीच्या आड येत होती? तुमच्याकडे पोकलेन येणार असेल तर अंदाजपत्रक आधी मागून घ्या आणि ‘गाळ काढायचा, दगड आणि झाडं जागेवर ठेवायची’ असं ग्रामसभेच्या ठरावात लिहूनच घ्या. तोंडी नको.