गहू सोडलेल्या मुलास, नाशिकहून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू सातपूरच्या कंपनीत रुजू होतोयस आणि इंदिरानगरला तिघा मित्रांबरोबर खोली घेतोयस, असं तुझ्या आईने सांगितलं. बायॉप्सीच्या रिपोर्टचा फोटोही पाठवला. मला हाच सिलिॲक, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याला इजा करते तो आजार, बरीच वर्षं आहे. मी जेवते-खाते, गावोगाव फिरते, लग्नाच्या पंगतीलाही जाते. फोनवर सांगितलं तर तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणशील आणि ठेवून देशील, म्हणून लिहून पाठवते आहे.

तुला वाटत असेल की आता पोळी नाही म्हणजे संपलंच सगळं. पोळी, पाव, शिरा, शेवया, जिलेबी, खारी हे डोळ्यांना दिसतं. दिसणाऱ्या गोष्टीला नको म्हणणं महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. तुला छळणार आहे ते न दिसणारं पीठ, आणि त्याहून जास्त तुझी भीड. आईच्या सांगण्यावरून तू भिडस्त आहेस, म्हणून मला काळजी.

आधी हिशेब बघ. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन पोटात गेलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याच्या आतले, अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर पुन्हा झडायला लागतात. एका मध्यम पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे त्या पोळीचे तीनशे तुकडे केलेस तर त्यातला एक तुकडा ही तुझी दिवसाची मर्यादा. म्हणून 'एक घास खाल्ला तर काय होतंय' म्हणणाऱ्या काकांशी वाद घालू नकोस, त्यांना हा हिशेब ऐकव. नाही पटला तरी ताट आपलं आहे.

आता गिरणी. हा भाग नीट वाच.

ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल. पण ती दळून कुठे येते हे कुणी सांगत नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीत सकाळपासून गहू पडत असतो. जात्याच्या दगडांच्या फटीत, खाली बांधलेल्या कापडी मोज्यात, पीठ ओढायच्या पत्र्याच्या पळीवर गव्हाचं पीठ बसलेलं असतं. त्यावर तुझी ज्वारी पडली की सुरुवातीला जे बाहेर येतं ते मिसळलेलंच असतं. घरातल्या बायका पूर्वीपासून गिरणीवाल्याला 'बाजरीवर बाजरी टाका' असं बजावतात, ते चवीसाठी. तुला ते तब्येतीसाठी बजावायचं आहे, आणि तेवढ्यानेही भागत नाही. काही गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी असते, पण ज्वारीच्या चक्कीत थालीपिठाची भाजणी पण दळतात, आणि भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. हवेत उडणारं पीठ तर सगळीकडे बसतंच.

खरा उपाय घरघंटी. महाग वाटेल, पण परदेशी बिस्किटांच्या आणि ग्लुटेन-फ्री ब्रेडच्या पाकिटांवर तू वर्षभरात जेवढं उडवशील त्याचा विचार कर. तोपर्यंत माझ्याकडे दळण आणून टाक, माझ्या घरघंटीला गहू कधी लागलेला नाही. दळणाआधी धान्य ताटात पसरून निवड. बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे, जवाचे दाणे सापडतात, खोटं वाटत असेल तर एकदा किलोभर निवडून बघ. मग धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून दळ.

आणि भाकरी थापायला शिक. मुलगा आहेस म्हणून सूट नाही. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळेच. ज्वारीच्या पिठात ते नाही, म्हणून थापताना कडा चिरतात. त्यावर इलाज उकळतं पाणी: पीठ परातीत घे, मधे पाणी ओत, उलथन्याने कालव, हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याने रगड. रगडण्यात कसूर केलीस तर भाकरी तव्यावर टाकतानाच तुटणार. टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकायच्या आत उलट, मग दुसरी बाजू होऊ दे आणि आचेवर फुगव. नागली तर उकड काढल्याशिवाय हाताला येतच नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली इथे सहज मिळते, त्यात कॅल्शियम भरपूर, आणि तुझ्या हाडांना त्याची गरज आहे. सुरुवातीच्या भाकऱ्या नकाशासारख्या होतील. खा तशाच.

हिंगाचं बोलते. आपल्या फोडणीत जो बंधानी हिंग पडतो तो शुद्ध हिंग नसतो. हिंगाचा चीक पिठात आणि डिंकात मळून तो करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैदा असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो घे. आता विचार कर: हिंग कशात नसतो? वरणात, मठ्ठ्यात, मसालेभातात, बटाटेवड्याच्या सारणात, पापडात, लोणच्यात. म्हणून 'मी फक्त वरण-भात खातो' म्हणणारा माणूस बाहेर सुरक्षित असतोच असं नाही. सातूच्या पिठाचंही तसंच, त्यात जव किंवा गहू असतोच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासूनच्या. सोया सॉसमध्ये गहू. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसलं तरी शेतात आणि कारखान्यात भेसळ होते, म्हणून ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे, तेही पोट स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. नुसतं 'मिलेट' लिहिलेल्या बिस्किटाच्या मागची यादी मात्र वाच. पुष्कळदा पहिला शब्द मैदा असतो.

खोलीवर तुझा तवा, परात, पोळपाट-लाटणं आणि चाळणी वेगळी ठेव. चाळणी सगळ्यात वाईट, तिच्या जाळीतलं पीठ घासूनही निघत नाही. लोण्याची आणि जॅमची बाटली पण वेगळी, कारण पावाचा चुरा लागलेला चमचा परत आत जातो. मित्रांना पहिल्याच दिवशी सांग. महिन्याने सांगितलंस तर तक्रार वाटेल.

कंपनीच्या कँटीनमध्ये सुरुवातीला डबाच ने. पोळ्या लाटणाऱ्या टेबलाशेजारी भाज्यांची पातेली उघडी असतात, तो पिठाचा धुरळा तुला आत्ता दिसत नाही, पुढे दिसायला लागेल. ओळख झाली की तिथल्या आचाऱ्याशी निवांत बोल. साहेबाच्या चिठ्ठीपेक्षा आचाऱ्याशी चार शब्द बोललेलं जास्त उपयोगी पडतं.

बाहेर खाण्याचं. नाशिकमध्ये राहून मिसळ खायची नाही, हे मी कुणाला सांगणार नाही. मटकी आणि रस्सा मुळात गव्हाचा नाही. पाव सोड, फरसाण सोड (त्यात पापडी असते, मैद्याच्या गाठी असतात), पापड सोड, आणि हिंगाचं विचार. मखमलाबाद रस्त्यापासून गंगापूर रोडपर्यंत चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं आहेत, एखादं निवडून तिथलाच हो. रविवारी अकराच्या गर्दीत जाऊन गल्ल्यावरच्या माणसाला प्रश्न विचारलेस तर तो तुला काहीही सांगून मोकळा होईल. मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जा.

विचारायचं कसं, तेही सांगते. 'ग्लुटेन-फ्री आहे का?' असं विचारू नकोस. वेटर हसून हो म्हणेल. 'मला डॉक्टरांनी गहू, मैदा, रवा बंद केलाय, एवढंसं पडलं तरी त्रास होतो. यात काय काय आहे?' असं विचार. मग 'समोसा याच कढईत तळता का?' आणि 'हिंगाची डबी बघू का?' हॉटेलात गव्हाची ॲलर्जी आहे असं सरळ सांगितलंस तरी चालेल. शास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचं आहे, पण वेटरला आतड्याची रोगप्रतिकारशक्ती समजावत बसायची गरज नाही. तंदूरचं काही मागवू नकोस, त्याच भट्टीत रोट्या लागतात. भाकरी मिळत असेल तर ती कुठल्या तव्यावर होते आणि पिठात गहू मिसळतात का ते विचार. इडली बरी, पण रव्याची नसावी, आणि सांबारात हिंग आला. दोस्त बसले तर बिअर नाही, ती जवाची. वाइन चालते, आणि त्याची या गावात वाण नाही. आईला हे वाक्य दाखवू नकोस.

मला सापडलेली सगळ्यात कामाची वाट उपासाची आहे. भगर आणि दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची पुरी, शिंगाड्याचा शिरा, वर तूप-जिऱ्याची फोडणी. गहू नाही आणि रिवाजाने हिंगही नाही. ग्लुटेन कुणाला कळत नाही, पण उपास मोडू नये म्हणून भांडी वेगळी ठेवायची असतात हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. 'उपासाच्या कढईतलंच द्या' म्हटलं की कुणी भुवया उंचावत नाही. साबुदाणा वड्याचं तेल तेवढं विचारून घे, काही ठिकाणी त्याच तेलात सगळं तळतात. मंगळवारीही बिनधास्त उपास सांग. देव समजून घेईल.

सत्यनारायणाच्या प्रसादाला तुझी भीड खरी कसोटीला लागेल. शिरा रव्याचा, आणि वाटणाऱ्या आजी हातावर ठेवल्याशिवाय हलत नाहीत. घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारच्याला द्यायचा. पंचामृत घेता येतं, फळ घेता येतं. जिथे घरोबा आहे तिथे आदल्या दिवशी फोन कर. यजमानांना त्याचा राग येत नाही. ताटात वाढलेलं तसंच टाकून उठलास तर येतो. लग्नाला जाताना घरून खाऊन जा आणि तिथे गप्पा मार.

चुकून पोटात गेलंच तर उतारा म्हणून औषध नाही. पाणी पी, साधं खा, झोप. 'आता गेलंच आहे तर आणखी एक वडा' हे मात्र करायचं नाही. आणि त्रास झाला नाही म्हणून बाधलं नाही असं समजू नकोस. पोट गप्प असतं तरी आतडं बिघडत असतं. म्हणून सहा महिन्यांनी टीटीजीची, म्हणजे या आजाराची प्रतिद्रव्यं मोजणारी रक्ततपासणी, मग वर्षाने, मग दरवर्षी. तुझं हिमोग्लोबिन कमी आहे, ते लोहाच्या गोळ्यांनी आणि आतडं सुधारल्यावर चढेल. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड बघायला सांग. हाडांची घनता तपासायची का आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का, हेही डॉक्टरांना विचार. सध्या दूध पचत नसेल तर घाबरू नकोस, पुष्कळांचं अंकुर भरून आल्यावर पचायला लागतं. मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात.

कुणीतरी तुला खपली गहू देईल, जुना आहे, बाधत नाही म्हणून. खपली गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. कुणी सहा महिन्यांच्या पुड्या देऊन पोळी सुरू करून देतो म्हणेल. नमस्कार करून बाहेर पड. या आजारात गव्हाचा दोष ओळखला तो विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ ला, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना त्याची ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. आधीपासूनचा त्याचा संशय पक्का झाला, १९५० ला त्याने प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजवर गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) सोडण्याशिवाय दुसरा सिद्ध झालेला इलाज नाही.

शेवटचं, आणि हे आजच्या आज कर. आई म्हणाली की तुझ्या सोबतीला म्हणून तिने आणि ताईने पण घरात गहू बंद केलाय. माया कळते, पण त्यांना आधी पोळी सुरू करायला सांग. सख्ख्या नात्यात दहा-बारा जणांत एखाद्याला हा आजार निघतो, म्हणून आई, बाबा, ताई तिघांचीही टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासणी व्हायला हवी. गहू सोडलेल्या माणसाची ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. निदान सहा आठवडे रोज गहू खाऊन मगच रक्त द्यायचं. ताईला गेल्या वर्षी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या होत्या ना? तिचं आधी करा.

दळण घेऊन ये. येताना डबा स्वतःचा आण.

तुझी,
मावशी